साडूच्या पुडीने परत आणलेला अल्सर

माझा साडू बाबूसिंग याने मला फसवलं. गुडघ्याची जडीबुटी म्हणून त्याने मला जी पुडी विकली, तिच्यामुळे माझ्या पोटातला भरून आलेला अल्सर पुन्हा फुटला आणि मी मरता मरता वाचलो. हे मी आधीच सांगून टाकतो. आमच्या नात्यागोत्यात ही गोष्ट निघाली की लोक माझ्या पोटापासून सुरुवात करतात, मग माझ्या तापट स्वभावावर येतात, मग मिरचीवर, आणि साडूपर्यंत पोचायच्या आत जेवणाची ताटं येतात.

मी धनसिंग. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यावरचा. शाळा सातवीपर्यंत. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता. मी पहिला बैल घेतला तो लंगडा होता, कोणी फुकट नेत नव्हतं. त्याला बरा करून विकला आणि तिथून बैलांचा व्यापारी झालो. आमच्या आजे-पणज्यांचे तांडे बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत, त्यामुळे बैल ओळखायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. माणूस ओळखायला मात्र वेळ लागला, विशेषतः घरातला.

नांदेडचे माझे डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखे पेशंट रोज येतात, तुम्ही लिहून काढा, त्यांना वाचायला देऊ." म्हणून लिहितो आहे. घरात आम्ही आमच्या गोरबोलीत बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून ते बोलणं मराठीत मांडलं आहे.

रिकाम्या पोटी

तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. माझं दुखणं सुरू झालं ते उपाशीपोटी. बेंबीच्या वर, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, कोणी विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं. काही खाल्लं की थांबायचं. मी खिशात बिस्किटाचा पुडा ठेवायला लागलो.

बैलबाजारात याचा वेगळाच अर्थ निघाला. समोरच्याने भाव सांगितला आणि त्याच वेळी मला कळ आली की मी पोट धरून वाकायचो. त्याला वाटे, भाव ऐकून कळ आल्याचं सोंग करतोय. एक-दोघांनी तर भाव कमीसुद्धा केला. हिंगोलीचे गफूरभाई, माझे धंद्यातले जुने जोडीदार, मला म्हणाले, "धनाभाऊ, ये पोट का खेल मलाबी शिकवा की." मी शिव्या दिल्या, पण बैल त्याच भावात घेतला.

घरी मात्र ठरून गेलं होतं की हे माझ्या रागाचं फळ आहे. माझी बायको लीला म्हणायची, "तुमी सकाळपासून ओरडून राहिले. पोट जळंल न्हाई तर काय होईल?" शेजारचे म्हणायचे, ठेचा सोडा. तांड्याचे नाईक म्हणाले, राग सोडा. दोन्ही सोडून बघितले. दुखणं तिथेच. उलट न ओरडल्यामुळे बाजारात भावात मार खाल्ला.

निदानाचा दिवस

शेवटी नांदेडला गेलो. तोंडातून दुर्बीण घालणार म्हटल्यावर मी नळी बघायला मागितली. माझ्या बोटाएवढी जाड होती. मी म्हणालो, "याच्यात पातळ न्हाई का?" डॉक्टर म्हणाले, "ही बैलाची नाही, माणसाचीच आहे." कंपाउंडरपासून सगळे हसले. मला राग आला, पण घशात औषध मारलेलं होतं, बोलता येईना.

खरी भीती वेगळी होती. लीलाचे चुलते पोटाच्या दुखण्याने गेले होते. शेवटी शेवटी त्यांच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. आमच्या घरी त्या आजाराचं नाव कोणी घेत नसे, "चुलत्यांसारखं" एवढंच म्हणत. नळी बाहेर आल्यावर मी पहिलं विचारलं, "चुलत्यांसारखं हाय का?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. लीलाने कुजबुजून सांगितलं.

"कॅन्सर? छे. अल्सर आहे. जठराच्या पुढे आतडं सुरू होतं तिथे जखम झाली आहे."

मला इतका आनंद झाला की खाली उतरून पेढे घेतले आणि वॉर्डात वाटले. अल्सर झाला म्हणून पेढे वाटणारा मी पहिलाच असेन, असं सिस्टर म्हणाली. लीला मात्र जिन्यात बसून रडली. तिला वाटलं होतं, डॉक्टरांनी माझ्यासमोर मुद्दाम खोटं सांगितलं.

मग तपासणीत पोटात जंतू निघाला. डॉक्टरांनी समजावलं, पुष्कळांच्या पोटात हा जंतू असतो, काहींना त्याने अल्सर होतो. मी लीलाकडे वळलो. "ऐकलं का? राग न्हाई. जंतू."

डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "राग पण कमी करा."

ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पुढची कित्येक वर्षं ते माझ्या घरात रोज ऐकवलं गेलं.

औषधांचा कोर्स मी बरोबर पुरा केला. तोंड कडू झालं, जुलाब झाले, तरी एक गोळी सोडली नाही. पुन्हा दुर्बीण घातली. जखम भरलेली, जंतू गेलेला. डॉक्टर म्हणाले, "हा आता परत येणार नाही." मी त्यांच्या पाया पडलो. परतताना वसमतला एसटी थांबली तेव्हा भजी खाल्ली आणि काहीही झालं नाही. त्या भज्यांची चव अजून आठवते.

गुडघा

मधली वर्षं चांगली गेली. तांड्यावर सिमेंटचं घर बांधलं. पोरींची लग्नं झाली. हिंगोली जिल्हा झाली तेव्हा माझ्या दावणीला बाजारातली सर्वांत देखणी जोडी होती.

मग एका गोऱ्ह्याने लाथ मारली, उजव्या गुडघ्यावर. हाड मोडलं नाही, पण गुडघा कायमचा बिघडला. बैलामागे पाच पावलं पळून चाल बघितल्याशिवाय मी कधी बैल घेतला नव्हता. आता बैल पळायचा आणि मी जागेवर उभा. लोकांना ते कळायला लागलं. चालीत खोट असलेले बैल माझ्यापुढे येऊ लागले.

इथे बाबूसिंग येतो. लीलाची धाकटी बहीण कमळ त्याला दिलेली. आधी तो टेप दुरुस्त करायचा, मग पेरू विकायचा, मग अचानक गोरेगावच्या आठवडी बाजारात भोंगा लावून गुडघ्याची पुडी विकायला लागला. "डोंगरातली जडीबुटी! बिनगोळीची, बिनसुईची! आज्जी, उठ, घरी पळत जा!" समोर म्हाताऱ्यांची रांग लागायची.

मी त्याला म्हणालो, "तू डोंगर कधी बघितला रे?"

"साडूभाऊ, एक आठवडा घेऊन बघा. न्हाई पळाले तर माझं नाव बदला."

मी त्याच्याशी घासाघीस केली, साडू असला म्हणून काय झालं. त्याने खूप ताणलं, कपाळाला हात लावला, मग घरचा माणूस म्हणून कमी केलं. मी खुशीत घरी आलो. बाबूसिंग माझ्यापुढे हरला, असं मला वाटलं.

पुडी तिखट-कडवट लागायची, सुंठेसारखी. दोन दिवसांत गुडघ्याची कळ गेली. मी खरंच बैलामागे पळालो. लीलाला म्हणालो, "तुझ्या बहिणीचा नवरा कामाचा निघाला." मी त्याची बाजारभर जाहिरात केली. माझ्या सांगण्यावरून कितीतरी लोकांनी पुडी नेली, याचा मला आज त्याच्या लबाडीपेक्षा जास्त संताप येतो.

बर्फाचा हात

ज्यांना बैलबाजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात खरा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती गर्दी असली तरी कोणाला कळत नाही. तोंडाने माणूस काहीही बोलेल. दाबलेलं बोट मात्र फिरवायचं नाही. फिरवलं तर तो माणूस बाजारातून उठला, त्याच्याशी पुन्हा कोणी व्यवहार करत नाही.

त्या दिवशी गफूरभाईंशी सौदा चालला होता. दोन-तीन दिवसांपासून शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. मला वाटलं, काहीतरी खाल्लं असेल. पोटात दुखत नव्हतं, म्हणून अल्सरची शंकाही आली नाही. रुमालाखाली मी आकडा दाबला तेव्हा गफूरभाईंनी तोंडाकडे बघितलं.

"धनाभाऊ, हात बर्फ पडला तुमचा."

"आकडा बोला."

"आकडा मरू दे. बसा खाली."

मी बसलो नाही, पडलो. बैलांच्या पायात. जीपमध्ये आडवा करून मला आधी हिंगोलीला आणि तिथून नांदेडला नेलं. वाटेत रक्ताची उलटी झाली. गफूरभाईंनी तोच रुमाल माझ्या तोंडाला धरला होता.

नाकात नळी

दवाखान्यात नाकातून पोटात नळी, एका हाताला सलाईन, दुसऱ्याला रक्त. तोंडाने पाण्याचा थेंब नाही. रक्त कमी पडलं तेव्हा गट जुळलेला निघाला तो बाबूसिंगचा. त्याने बाटली दिली. बाहेर येऊन माझ्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. तेव्हा मला ते प्रेम वाटलं. ते खोटं होतं असं मी आजही म्हणत नाही.

वॉर्डाचा दिवस फार लांब असतो. सकाळी फिनेलचा वास, मग डॉक्टरांची फेरी, मग चादरी, मग शेजारच्या खाटेवरच्या मुखेडच्या माणसाचं खोकणं. त्याची आई म्हातारी होती. मला पाणी बंद आहे हे कळल्यावर ती स्वतःचा चहा दाराबाहेर जाऊन प्यायची. "त्याच्यासमोर कशाला प्यायचा?" म्हणायची. ना ओळख ना पाळख. लीला ओल्या कापसाने माझे ओठ पुसायची. त्या कापसाची मी दिवसभर वाट बघायचो.

डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. आत आल्यावर प्रत्येकजण एकच बोलू लागला, "सगळं बराबर हाय." मी व्यापारी आहे. चार माणसं एकच वाक्य बोलायला लागली की बैलात खोट असते.

गफूरभाई भेटायला आले. मी त्यांचा हात चादरीखाली ओढला. घसा सोलला होता, तरी विचारलं, "दहातले किती, वाचायचे?"

ते भिंतीकडे बघायला लागले.

"गफूरभाई, बोटं."

मग त्यांनी माझा पूर्ण पंजा दाबला. पाच. मग थांबून अजून दोन बोटं. सात. रक्त थांबलं नाही तर ऑपरेशन, आणि एवढ्या अशक्तपणात ऑपरेशन म्हणजे भरवसा नाही, असं डॉक्टरांनी बाहेर सांगितलं असणार, हे मी त्यावरून ताडलं. ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि मला ते ऐकायचंच होतं.

मी आठ दाबले.

"अरे, ये क्या बैल है? भाव वाढवून राहिले!"

मी पुन्हा आठ दाबले, जोर लावून. गफूरभाईंचे डोळे भरले. त्यांनीही आठ दाबले.

सिस्टर ओरडली, "मामा, हात बाहेर काढा! सुई हलेल!"

"एक मिनिट ताई," गफूरभाई म्हणाले, "सौदा पटून राहिला."

दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. ऑपरेशन टळलं. नळी काढल्यावर पहिल्यांदा गार दुधाचा घोट दिला. मी आयुष्यात खूप जेवणावळी जेवलो आहे, पण त्या घोटाची बरोबरी कशालाच नाही.

डॉक्टर आणि मी

दुर्बिणीत जुन्या जागेजवळच नवी जखम दिसली. जंतू पुन्हा तपासला. नव्हता. डॉक्टर कोड्यात पडले.

"दुखण्याच्या गोळ्या घेता का? अंगदुखी, डोकेदुखी, कसल्याही?"

"न्हाई."

"आठवून सांगा. मेडिकलमधून सुट्या घेतल्या असतील."

"न्हाई म्हणलं ना."

"खरं सांगा, लपवू नका."

मग माझं डोकं फिरलं. "डॉक्टरसाहेब, बाजारात मी खोटं बोलतो, तो माझा धंदा हाय. इथं काहून बोलू? माझंच पोट हाय!"

आणि मी खोटं बोलत नव्हतो. गोळी म्हणजे गोळी, पुडी म्हणजे पुडी. पुडी जडीबुटीची. लीला शेजारीच उभी होती, तिच्याही मनात आलं नाही. आमच्याकडे सुंठ-मेथी खाणाऱ्याला कोणी औषध घेतो असं म्हणत नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग ताण असेल. स्वभाव शांत ठेवा. आता पुन्हा फुटला तर मात्र ऑपरेशनशिवाय इलाज नाही."

झालं. पुन्हा स्वभाव.

शांत माणूस

मी घरी आलो आणि खरोखर शांत झालो. मरणाची भीती होती. बाजारात समोरचा म्हणेल त्या भावाला मान डोलावली. पोरी म्हणाल्या, बाबा देव झाले. गफूरभाई म्हणाले, "देव झालेल्या माणसासंग धंदा कसा करावा?" आणि दुसरा जोडीदार शोधायच्या गोष्टी करू लागले.

गुडघा दुखायला लागला तशी मी पुडी पुन्हा सुरू केली. काही आठवड्यांत पोटात तोच विस्तव. मी कोणाला सांगितलं नाही. अंथरुणावर पडून विचार करायचो, आता तर मी कोणावर ओरडतसुद्धा नाही, मग हे का? आजार परत येण्यात हेच सर्वांत वाईट असतं. पहिल्या वेळी माणूस आजाराला घाबरतो. दुसऱ्या वेळी त्याचा स्वतःवरचा विश्वास जातो. सगळं सांगितल्याप्रमाणे करूनही ते परत येतं, म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, असं वाटायला लागतं.

मग पोट आपोआप शांत झालं. जळजळ गेली, भूक लागायला लागली. घरात सगळे म्हणाले, "बघा, राग सोडल्याचा गुण." मी ते मुकाट्याने ऐकलं. गुडघा मात्र असा सुजला की उठता येईना. पुडी रोज घेत होतो, गुण शून्य.

माल खराब निघाला तर मी कोणाला सोडत नाही. उरलेल्या पुड्या घेऊन मी लंगडत गोरेगावच्या बाजारात गेलो. बाबूसिंग भोंग्यापुढे उभा होता, भोवती गर्दी.

"साडू, तुझ्या मालात दम न्हाई राहिला. गुडघा बघ."

"असं होऊच शकत न्हाई."

"चाखून बघ."

त्याने चिमूटभर जिभेवर टाकली, आणि थुंकला. "ही माझी पुडी न्हाई! ही तर निस्ती सुंठ हाय, जरा मेथी!"

भोंगा चालूच होता. सगळ्या बाजाराने ऐकलं.

मी म्हणालो, "तुझ्या पाटीवर काय लिहिलंय? सुंठ, मेथी, डोंगरातली मुळी. सुंठ हाय, मेथी हाय. मग निस्ती म्हणजे? तुझ्या पुडीत अजून काय असतं?"

त्याने भोंगा बंद केला. "असतं थोडं."

"थोडं काय?"

"साडूभाऊ, घरी बोलू."

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. वय कळू नये म्हणून बैलाच्या दातांना हात लावू न देणारा माणूस असाच बोलतो.

लीलाचा सौदा

घरी आलो. लीला जात्याजवळ बसली होती. मी पुड्या तिच्यापुढे टाकल्या. तिने वर बघितलं आणि तिला कळलं की मला कळलं आहे.

"कमळ आली होती," ती म्हणाली. "रडत होती. ती रोज खलबत्त्यात पांढऱ्या गोळ्या कुटून सुंठेत मिसळते. दुखण्याच्या गोळ्या. नवरा सांगतो, गुपचूप कुट. तुमी दवाखान्यात होते तेव्हापासून तिला झोप न्हाई. ती म्हणाली, 'अक्का, दाजीला पुडी देऊ नको.' मग म्या पुड्या फेकल्या अन् घरची सुंठ-मेथी भरून ठेवली."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी काय केलं असतं?"

"त्याचं टाळकं फोडलं असतं!"

"मग माझ्या बहिणीनं कुठं जायचं? त्यानं तिला घराबाहेर काढलं असतं. लेकरं घेऊन ती कोणाच्या दारात बसली असती?" तिचा आवाज चढला. माझ्या घरात आवाज मी चढवतो, पण त्या दिवशी तिचा चढला. "म्या तुमचं पोट बी वाचवलं अन् तिचं घर बी. तुमी बाजारात एवढं नाव कमावलं, सांगा, एवढा चांगला सौदा कधी केला तुमी?"

तिचं ऐकून मी खाली वाकून पुड्या गोळा करायला लागलो. तीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा झालं. रागाने मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने ज्वारीची गरम भाकरी आणि दही पुढे ठेवलं, आणि कोपऱ्यात जरासा ठेचा. किती वर्षांनी. म्हणाली, "आता राग करा. पोटाचा अन् रागाचा काही संबंध न्हाई, हे कळलं ना?"

आता

मी नांदेडला जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीतून पुढे झुकले. म्हणाले, अशा पुड्या आणि चूर्णं घेणारे कितीतरी लोक आजवर त्यांच्यासमोरून न कळता गेले असणार. गोळी विचारली तर नाही म्हणतात, कारण त्यांच्या मते ती गोळी नसतेच. तेव्हापासून ते प्रत्येकाला विचारतात, "पुडी, चूर्ण, काढा, बाजारातलं तेल, काय काय घेता?" ही माझ्या अनुभवाची कमाई. मी त्यांना उलट विचारलं, "मग आता राग चालंल का?" ते हसून म्हणाले, "जंतू नाही, गोळी नाही. बेताने चालेल." ते लीलासमोर म्हणाले, हे महत्त्वाचं.

बरीच वर्षं झाली, अल्सर परत आला नाही. वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर दुखत नसलं तरी थांबू नका. डॉक्टरने विचारलं नाही तरी पोटात जे जे जातं ते सगळं सांगा, घरच्या माणसाने दिलेलंसुद्धा. आणि आजार परत आला म्हणून आपल्या स्वभावाला लगेच दोष देऊ नका.

मी सुखात आहे. गुडघ्याला पट्टा बांधतो, बाजारात खुर्ची टाकून बसतो. बैलामागे आता गफूरभाईंचा जावई पळतो आणि मी बसल्या जागेवरून ओरडतो. आवाज पहिल्यासारखा खणखणीत आहे. सकाळी भाकरी-दही, रात्री भात, आणि बाजाराच्या दिवशी भजी.

बाबूसिंगने त्या गोळ्यांबद्दल अजून तोंड उघडलेलं नाही. लग्नकार्यात भेटतो. विषय काढला की म्हणतो, "साडूभाऊ, म्या तुमाला रक्त दिलं. फिटलं आता." साडू, रक्त दिलंस ते मी मानतो. माझ्या पंगतीत तुझं ताट पहिलं असतं. पण रक्त तू मला दिलंस, आणि पुडी तू सगळ्या बाजाराला दिलीस. हे लिहिण्याआधी मी कमळला विचारलं. ती म्हणाली, "लिहा दाजी. माझे हात भरून आले कुटून कुटून."

म्हणून बाबूसिंग, सगळ्यांसमोर विचारतो. त्या गोळ्या कोणत्या होत्या? तुला त्या डबेच्या डबे कोण पुरवत होतं? तो शिकलेला माणूस होता, दुकानदार होता, कोण होता, त्याचं नाव सांग. आणि गुडघे धरून तुझ्यापुढे बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसांपैकी कोणाकोणाच्या पोटातून असंच काळं रक्त गेलं, आणि घरच्यांनी वय झालं म्हणून त्यांना जाऊ दिलं, ते तुला ठाऊक आहे का? मी वाचलो म्हणून विचारतो आहे. त्यांना विचारता येत नाही. उत्तर दे.